पार्सल ‘रवाना’ झालं, मग पुढे काय?

प्रश्न : मुलीने परदेशातून पाठवलेल्या पार्सलचं ट्रॅकिंग आठवडाभर ‘रवाना’वरच अडकलंय. हरवलं असेल का?

उत्तर : बहुधा नाही, जीव टांगणीला लावू नका. बारकोड स्कॅन होतो तेव्हाच नोंद पडते. मधल्या प्रवासाची पडत नाही. मी टपालाच्या छाटणीत काम केलं आहे. पिशवीचं सील तोडून एकेक नग स्कॅनरखाली धरला, की मगच त्याची नवी नोंद दिसायची. तुमचं पार्सल अशाच बंद पिशवीत विमानाची वाट बघत असावं.

आता क्रमांक पाहा. आंतरराष्ट्रीय टपालात तो १३ चिन्हांचा असतो: आधी सेवेची दोन अक्षरं (‘सी’ने सुरू झालं तर पार्सल, ‘ई’ने तर ईएमएस, म्हणजे जलद टपाल), मग नऊ अंक, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. नऊतला शेवटचा अंक पडताळणीचा, म्हणून टायपिंगची चूक बहुतेक वेळा पकडली जाते. हाच क्रमांक तुमच्या देशाच्या टपाल खात्याच्या साइटवरही टाका. कस्टम्सची नोंद अनेकदा तिथेच आधी दिसते.

तरीही हालचाल नसेल, तर मुलीला तिच्या टपाल कार्यालयात चौकशी अर्ज द्यायला सांगा, पाठवल्यापासून ६ महिन्यांच्या आत. आणि पावती तिने जपून ठेवायलाच हवी!