डेन्मार्कमध्ये रुळायचं कसं? आधी स्वतःच्या वाढदिवसाचा केक स्वतः न्या

तुम्ही विचारलंय की बायकोला ऑर्हूसमध्ये नोकरी लागली आहे, जानेवारीत सहा वर्षांच्या मुलीला घेऊन तिघं येताय, आणि जो तो सांगतोय की डॅनिश लोक माणूसघाणे असतात. हे खरं का, आणि त्यांच्या रोजच्या जगण्यात, सणावारांत शिरायचं कसं? मी मूळची वाईची, गेली नऊ वर्षं ऑर्हूसमध्येच राहते, म्हणून उत्तर देतेय.

माणूसघाणे नाहीत. पण विरजण मागायच्या निमित्ताने शेजारीण दारात येईल आणि तासभर बसेल, ही आशा मुंबईच्या विमानतळावरच सोडून या. इथे बोलावण्याची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. हे मला कळलं ते माझ्याच वाढदिवसाला.

पहिलं वर्ष होतं. सकाळी ऑफिसात गेले तर माझ्या टेबलावर वीतभर उंचीची लाकडी काठी आणि तिच्यावर लाल-पांढरा डॅनिश झेंडा. मला वाटलं, आज यांचा स्वातंत्र्यदिन वगैरे असणार. आपल्याकडे झेंडा म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी, तोही ताठ उभं राहून. इथे तो वाढदिवसाला लागतो, टूथपिकवर चिकटवून केकवर टोचतात, नाताळच्या झाडावर कागदी झेंड्यांची माळ असते, आणि विमानतळावर आजी नातवाला घ्यायला येते तीही झेंडा हलवत. तर सगळ्यांनी येऊन हात मिळवले, अभिनंदन केलं. दोन वाजले. अडीच वाजले. शेजारच्या टेबलावरची बाई दोनदा किचनमध्ये डोकावून आली. शेवटी माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "केक उशिरा आहे का?"

मी बिचारी सकाळपासून माझ्यासाठी कोण केक आणतंय याची वाट बघत होते. आणि सगळं ऑफिस माझ्या केकची.

इथे वाढदिवस ज्याचा, केक त्याने आणायचा. दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू करून नेले. लोकांनी ते बशीत घेऊन काट्याने खाल्ले. शेवटी एक उरला. तो कोणी घेईना. मग कोणीतरी सुरीने त्याचा अर्धा घेतला, थोड्या वेळाने दुसऱ्याने उरलेल्याचा अर्धा, आणि संध्याकाळी डब्यात सुपारीएवढा तुकडा राहिला. तो मी घरी आणला. शेवटचा तुकडा उचलायची यांना लाज वाटते, हे पुढे शंभरदा पाहिलं.

ही केकची रीत एकदा डोक्यात बसली की बाकीचं बरंच उलगडतं. तुम्ही आधी काहीतरी ठेवायचं, मग लोक येतात. माझ्या मैत्रिणीने घर घेतल्यावर दोन वर्षं शेजाऱ्यांची तक्रार केली, बोलत नाहीत म्हणून. तिच्या सोसायटीत वर्षातून दोनदा 'कामाचा दिवस' असायचा. शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून अंगणातली पानं झाडायची, कुंपण रंगवायचं, तळघर आवरायचं. ती कधी गेली नव्हती. तिला वाटायचं, हे काम माणसं लावून का करून घेत नाहीत! तिसऱ्या वर्षी गेली, हातात फावडं घेतलं, दुपारी सॉसेज आणि बिअरच्या टेबलावर बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिला सात घरांची नावं पाठ झाली. त्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याला कोणी बोलून दाखवत नाही. फक्त लक्षात ठेवतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या बायकोची कंपनी करून देईल. सीपीआर क्रमांक, म्हणजे इथला रहिवासी-नोंदणीचा क्रमांक, मिळेपर्यंत तुम्ही इथे जवळजवळ नसल्यासारखेच. दहा आकडी असतो, पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीख. त्याच्यामागून डॉक्टरचं नाव छापलेलं पिवळं आरोग्यकार्ड येतं, मग बँक, मग मिटआयडी हे मोबाइलवरचं ओळखपत्र. सरकारी पत्रं डिजिटल पेटीत येतात. ती पेटी रोज नाही तरी आठवड्याला उघडा, "मला कळलंच नाही" ही सबब चालत नाही.

सायकल घ्या, आणि पहिल्या दिवशी दिवे घ्या. जानेवारीत पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि चार-साडेचारला अंधार. थांबायच्या आधी हात वर करायचा, वळायच्या आधी बाजूला. डावीकडे थेट वळायचं नाही. चौक सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात थांबायचं आणि मग डावीकडे जायचं. पुण्यात वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला हे शिकायला जड जातं. मला गेलं.

आता माणसं. मोठं झाल्यावर इथे मित्र फक्त क्लबात होतात, असं मी छातीठोकपणे सांगते. 'फोरेनिंग' म्हणजे संघ किंवा मंडळ, आणि या देशात प्रत्येक गोष्टीचं मंडळ असतं: गाणं, थंड समुद्रात पोहणं, मधमाश्या, शिवणकाम. वर्गणी भरायची, वार्षिक सभेला जायचं, आणि चहा-कॉफीची जबाबदारी अंगावर घ्यायची. मी बॅडमिंटनच्या मंडळात गेले. पहिल्या दिवशी सत्तरीचे एक आजोबा विचारते झाले, "भारतातून? मग पदुकोण माहीत असेल." मला वाटलं दीपिका. त्यांना प्रकाश म्हणायचं होतं. १९८० साली ऑल इंग्लंड जिंकल्यावर प्रकाश पदुकोण सरावासाठी डेन्मार्कला येऊन राहिले, दीपिकाचा जन्मही १९८६ चा, कोपनहेगनचा. आजोबांनी त्यांचे सामने पाहिलेले. माझा बॅकहँड बघून त्यांचा फार अपेक्षाभंग झाला, पण दर मंगळवारी ते अजून माझ्याशी खेळतात.

नऊ वर्षांत आमच्या घरी न सांगता आलेले डॅनिश लोक शून्य. जेवायला यायचं तर तीन आठवडे आधी तारीख ठरते, आणि तीही आठवड्याच्या क्रमांकाने. "४२ व्या आठवड्यात नको, मुलांना शरदातली सुट्टी आहे, ४४ व्यात बघू." सुरुवातीला मला हे अपमानासारखं वाटायचं. आता माझ्याच फ्रिजवर आठवड्यांचे आकडे छापलेलं कॅलेंडर आहे आणि आई फोनवर "दसरा कधी गं?" विचारते तेव्हा मी आधी आठवडा मोजते. मात्र एकदा तारीख ठरली की माणूस येतोच, आणि सहाला म्हणाला तर सहाला येतो. पावणेसहाला आलाच तर खाली रस्त्यावर घुटमळतो.

भाषा शिकाच. सगळ्यांना इंग्रजी येतं हे खरं, पण जेवणाच्या टेबलावर विनोद डॅनिशमध्ये होतात. मराठी माणसाला या भाषेत दोन-तीन गमती आयत्या मिळतात. एक म्हणजे 'धन्यवाद'ला 'ताक' म्हणतात. दिवसभर ताक, खूप खूप ताक, जेवणाबद्दल ताक, मागच्या भेटीबद्दल ताक. 'प्लीज'ला मात्र सरळ शब्द नाही. आपल्याकडे तरी 'कृपया' पाट्यांबाहेर कुठे असतं?

दुसरी गंमत आकड्यांची. इथे आलेले युरोपातले लोक डॅनिश आकड्यांपुढे हात टेकतात. पन्नासला 'हाल्त्रेस' म्हणतात. त्याचा मूळ लांब शब्द म्हणजे 'अर्धा-तिसरा गुणिले वीस'. वर्गातला इटालियन मुलगा हे ऐकून डोक्याला हात लावून बसला होता. मी गप्प होते, कारण अर्धा-तिसरा म्हणजे आपलं अडीच. खरंच, आपला 'अडीच' संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' वरूनच आलाय, दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा. पन्नास म्हणजे अडीच विसा. सत्तर म्हणजे साडेतीन विसा. नव्वद साडेचार विसा. माझी आजी अंडी विसांवर मोजायची, तिला हे कोणी शिकवावं लागलं नसतं. दीडलाही यांच्याकडे 'अर्धा-दुसरा' असा स्वतंत्र शब्द आहे. शिवाय सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी आणि चाळीस नंतर म्हणतो, तेही तसंच. फक्त घड्याळात सांभाळा: 'अर्धा तीन' म्हणजे अडीच वाजले, साडेतीन नव्हे. माझी दंतवैद्याची एक वेळ यात बुडाली आणि पैसे भरावे लागले.

अहो-जाहो नाही. तुमच्या मुलीच्या शाळेत मुलं बाईंना नुसत्या नावाने हाक मारतील. ते ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल, मुलीला मात्र दोन दिवसांत सवय होईल.

आणि तुम्ही अगदी मोक्याच्या वेळी येताय. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला, ईस्टरच्या सात आठवडे आधी, फास्तेलाउन येतो. तुमच्या मुलीसाठी याहून चांगला सण नाही. मुलं वेश करून येतात, अंगणात लाकडी पिंप टांगलेलं असतं, आत गोळ्या-चॉकलेटं, आणि एकेकाने दांडक्याने मारायचं. आमच्या अंगणात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोठ्याने "गोविंदा आला रे" म्हणाले आणि कोणी वळूनही पाहिलं नाही. फरक इतकाच की थर नाहीत, पाणी नाही आणि रांग आहे. शिस्तीत, लहान मुलं आधी. जी बूड फोडून गोळ्या सांडवते ती मांजरांची राणी, जो शेवटची फळी पाडतो तो मांजरांचा राजा, दोघांना पुठ्ठ्याचे मुकुट. मांजर का? कारण पूर्वी त्या पिंपात खरोखरचं जिवंत मांजर असायचं. हे मुलीला लगेच सांगू नका. वेश घरी केलेला असला तरी चालतो. आमच्या मुलाने पहिल्या वर्षी शिवाजी महाराज केले होते. सगळ्यांनी त्याला 'छान समुद्री चाचा' म्हणून पाठ थोपटली, मी काही बोलले नाही.

जूनच्या २३ तारखेला संध्याकाळी सांक्त हान्स. पाण्याकाठी मोठी होळी, वर चिंध्यांची चेटकीण. होळी म्हणून मी घसा साफ करून गेले होते. इथे कोणी बोंब मारत नाही. कोणीतरी भाषण करतं, मग सगळे कागदावर बघून एक जुनं, संथ गाणं म्हणतात आणि चेटकीण मुकाट्याने जळते.

नाताळचं आमंत्रण आलं तर कसलाही बेत मोडून जा, कारण २४ डिसेंबरची संध्याकाळ ही घरच्यांची असते आणि परक्याला बोलावणं म्हणजे मोठी गोष्ट. झाडाभोवती हात धरून फेर धरतात, खऱ्या मेणबत्त्या पेटवलेल्या असतात, आणि मी पहिल्या वर्षी पूर्ण वेळ पाण्याची बादली कुठे आहे ते शोधत होते. शेवटी तांदळाच्या थंड खिरीत एक अख्खा बदाम. ज्याला मिळतो त्याला बक्षीस, पण त्याने तो गालात लपवून सगळ्यांना खीर संपवायला लावायची असते. मला मिळाला आणि मी कडकन चावला. सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं.

शाकाहारी असाल तर आधी कळवा, राग येत नाही. सणाच्या दुपारच्या जेवणात हेरिंग मासा काळ्या पावावर पहिला येतो, मग बाकीचं. क्रम मोडू नका. ग्लास उंचावताना डोळ्यांत बघायचं, प्यायल्यावर पुन्हा बघायचं. पोहे, तूरडाळ, हिंग सगळं इथे मिळतं, बॅग त्याने भरू नका. मोजे मात्र भरपूर आणा आणि अंगठ्याला भोक नसलेले आणा, कारण प्रत्येक घरात दाराशी बूट काढावे लागतात आणि पहिल्या आमंत्रणाला ते भोक तुमच्या आधी आत जातं.