मालक आता घरीच असतात

प्रश्न : ताई, आमचे मालक शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत २७ वर्षं होते. हेल्पर म्हणून लागले, मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे भरायच्या कामाचे, सुपरवायझर झाले. वाळू मुठीत दाबून मोडली की ओल बरोबर आहे का सांगायचे. गणपतीच्या आधी कंपनीत ऑटोमॅटिक लाइन आली आणि जुन्या माणसांना एकेक करून आत बोलावून राजीनाम्यावर सह्या घेतल्या. हिशोब नंतर देतो म्हणाले, अजून दिलेला नाही.

आता तालमीच्या कट्ट्यावर जात नाहीत, कारण तिथं 'या सुपरवायझर' अशीच हाक. भावकीतली वास्तुशांत 'सेकंड शिफ्ट आहे' सांगून टाळली. कागलला सासूबाईंना तर काहीच माहीत नाही. मी दोन मेसना चपात्या देते, सध्या घर त्यावर चाललंय. तर माझ्या कणकेत बोट घालून म्हणतात, "पाणी जास्त झालंय." पोरगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला, त्याला म्हणतात, "मेकॅनिकल सोड." वय ५३, पेन्शन आत्ताच सुरू करतो म्हणतात. धीर दिला की चिडतात. काय करू?
— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : ताई, पाणी खरंच जास्त असतं का हो? असेल तर त्यांचं ऐका. २७ वर्षं ज्यांनी ओल बघितली, त्यांना ती तुमच्या परातीतही दिसणारच.

मी कामगार न्यायालयात वकिली करते, म्हणून आधी पैशाचं. राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी बुडत नाही. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा २६ हजार असेल, तर त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग नोकरीच्या वर्षांनी. म्हणजे ४ लाख ५ हजार. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. लेखी मागणी करा, पोच घ्या. नोकरकपातीची भरपाई वेगळी. ती राजीनामा लिहून दिलेल्याला मिळत नाही, म्हणूनच तर सह्या घेतात. दबाव होता हे शाबीत करणं अवघड आहे. पण एकाच आठवड्यात दहा जणांचे एकाच मजकुराचे राजीनामे असले, तर कागदच बोलतात. बाकीच्यांना गाठा आणि लवकर वकिलाकडे जा. हुद्दा सुपरवायझरचा असला तरी कामगार ठरवताना प्रत्यक्ष काम कसलं होतं ते बघितलं जातं. या गाठीभेटी तुमच्या मालकांनीच कराव्यात. कुठल्या खात्यात कोण कधी लागलं हे त्यांनाच ठाऊक.

पीएफच्या पेन्शनला हात लावू नका. ५० नंतर घेता येते, पण ५८ ला जेवढी वर्षं कमी, दर वर्षाला ४ टक्के कापतात. ५३ ला घेतली तर जवळपास २० टक्के गेले, तेही कायमचे.

आता माणसाचं. 'होईल सगळं चांगलं' हे म्हणणं बंद करा, मीही चिडले असते. 'जरा भाजी आणा, लाइटबिल भरा' असली उगाच काढलेली कामंही नकोत, त्यांना कळतं. शाहू मिल २००३ ला बंद पडली तेव्हा आमच्या गल्लीत असे बरेच जण घरी बसले होते. पगारापेक्षा त्यांना सलायचं ते हे, की दिवसभरात कुणी काही विचारायला येत नाही. तुमच्या मालकांना तर रिजेक्शन वाढलं की अख्खी शिफ्ट विचारायची. उद्यमनगरात अजून हातानं साचे भरणारी छोटी दुकानं आहेत. कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे आत पोकळ्या, येतात तेव्हा त्यांना असाच माणूस लागतो, रोज नाही, पण लागतो. पगार पूर्वीचा मिळणार नाही, हे आधीच दोघांनी बोलून ठेवा.

पोराला मेकॅनिकल सोडू देऊ नका. वर्ष संपत आलंय. बापाचा राग कंपनीवर आहे, विषयावर नाही. पोराला घरातला जमाखर्च मात्र दाखवा, तो लहान नाही.

सासूबाईंना मालकांनीच सांगावं, स्वतः कागलला जाऊन. भावकीतून कळलं तर त्यांना दुप्पट लागेल. तुम्ही मध्ये पडू नका.

आणि मेसला चपातीचा दर काय लावता ते लिहिलंच नाहीत. बहुतेक बायका पीठ-तेल धरतात, गॅस धरत नाहीत. तो धरा, आणि एकीकडे तरी दर वाढवून मागा.