अण्णांनंतरचा पहिला गणपती

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. यंदा गणपतीला पुण्याची आत्या, मुंबईचे काका-काकू आणि नागपूरची धाकटी आत्या सगळेच इंदूरला येणार आहेत, एवढ्यांचे करणे आईला झेपेल की नाही याची तुला धास्ती आहे, आणि अण्णा नसलेल्या घरात सणाची तयारी करताना हात चालत नाहीत, असे तू लिहिले आहेस. सण करावा की करू नये, ही शंका बहुधा तुझी नसून फोनवरच्या कोणाची तरी असावी, म्हणून आधी तिचे उत्तर देऊन मोकळा होतो. अण्णांना जाऊन साडेनऊ महिने झाले, सुतक केव्हाच फिटले. घरच्या गणपतीत आपल्याकडे खंड पाडत नाहीत. रोषणाई करू नका, आरास साधी ठेवा, नवे कपडे घेऊ नका, पण मूर्ती आणा आणि आरत्या नेहमीच्याच आवाजात म्हणा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या सोळा पातेल्यांत शिजल्या पाहिजेत, हा हट्ट आईने सोडावा, एका मिसळीच्या भाजीत सोळा पडल्या तरी देवीची तक्रार नसते, तक्रार असते ती पाहुण्यांची. पुरण मात्र घरचेच असू दे. गाड्यांचे आरक्षण आता 60 दिवस आधीच उघडते हे काकांना आठवण करून सांग, नाहीतर अवंतिकेचे तिकीट मिळाले नाही म्हणून ऐनवेळी सगळा बेत कोलमडतो आणि रुसवे तुझ्या आईच्या पदरात पडतात.

आता मुख्य गोष्ट. माझे वडील गेले त्या वर्षीचा गणपती मी विसरू शकत नाही. तयारीत काही कमी नव्हते. मखर झाले, मोदक झाले, दूर्वा निवडून झाल्या, ‘सुखकर्ता’पासून ‘घालीन लोटांगण’पर्यंत सगळे नीट पार पडले, आणि मग मंत्रपुष्पांजली आली. ‘ॐ यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः’ एवढे आम्ही सगळ्यांनी मिळून म्हटले आणि पुढे कोणालाच येईना. वीस-बावीस माणसे हातात फुले घेऊन उभी, आणि खोलीत नुसता समईचा उजेड. इतकी वर्षे आम्ही पहिली ओळ मोठ्याने म्हणत होतो आणि पुढचे सगळे वडील एकटे म्हणत होते, हे त्या क्षणापर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. आईने आत जाऊन पदर डोळ्यांना लावला. त्यांच्या तसबिरीला मोठा हार घातला होता आम्ही, पण त्यांचे काम कोणीच उचलले नव्हते.

म्हणून पाहुणे येण्याच्या आठवडाभर आधी एक कागद घेऊन बस आणि गणपतीच्या दहा दिवसांत अण्णा काय काय करत असत ते आईला आणि आजीला विचारून लिहून काढ. मूर्ती घरी आणताना तिच्या तोंडावर रुमाल टाकणे, समईच्या वाती रात्री अकराला पुन्हा सारखणे, कोणाला कोणत्या खोलीत झोपवायचे ते ठरवणे, उकाडा वाढला की गच्चीवर पाणी मारणे, निघताना प्रत्येकाच्या पिशवीत शेवेचा पुडा कोंबणे, अशी बारीकसारीक कामे त्यात निघतील. मोठी कामे कोणीतरी करतेच, राहून जातात ती ही. ज्याचे त्याला ठरवून वाटून दे, आणि एक पूर्णपणे स्वतःकडे ठेव. कोणते, ते मीच सुचवतो: भुट्ट्याचा कीस.

पुण्याच्या आत्या त्याला मक्याचे कणीस म्हणोत, आपल्याकडे तो भुट्टाच. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री कढईत मिळतो तो कीस चांगलाच असतो, पण अण्णांचा निराळा होता, आणि तो का निराळा होता हे मी त्यांच्या ओट्याशी उभा राहून पाहिलेले आहे. ते परात मांडीत घेऊन बसत, किसणी तिच्यात तिरपी टेकवत आणि भुट्टा लांबीच्या दिशेने, दाबून नव्हे तर नुसता भाराने फिरवत. दाबले की दाण्याची सालपटे येतात आणि कीस चरबरीत लागतो. पांढरी सालपटे कणसालाच चिकटलेली दिसू लागली की किसणे थांबवून सुरीच्या पाठीने वरून खाली निरपत, तेव्हा जो दुधाळ रस गळे त्यावरच त्यांची सगळी भिस्त होती. तूप, जिरे, हिंग, हिरवी मिरची अशी फोडणी, मग कीस घालून मंद आचेवर परतणे. आधी तो कढईला चिकटतो, तेव्हा घाबरून पाणी घालू नकोस. दूध ते एकदम न ओतता तीनदा घालत, प्रत्येक वेळी आधीचे आटल्यावर. मीठ अगदी शेवटी, कडेने तूप सुटू लागले की. वरून ओले खोबरे, कोथिंबीर, लिंबू. त्यांना या सगळ्याला पाऊण तास लागे, आणि तेवढ्या वेळात ओट्याभोवती जमलेल्या मुलांना ते मिलच्या हिशेबखात्यातल्या गमती सांगत. तुला पहिल्या खेपेला सव्वा तास लागेल आणि बोट एकदा तरी किसणीवर घासेल.

पाहुण्यांकडून आठवणी काढायच्या असतील तर ‘अण्णांबद्दल काहीतरी सांगा ना’ असे कोणालाही म्हणू नकोस. मी ती चूक केली होती. सगळ्यांनी एकामागून एक ‘देवमाणूस होते’ असे सांगितले आणि बैठक संपली. नेमके विचारावे. मोठ्या आत्याला विचार, की अण्णांची पहिली सायकल कोणत्या रंगाची होती आणि ती कोणाला विकली. काकांना विचार, की दहावीच्या निकालाच्या दिवशी अण्णा काय बोलले. आजीला तर काही विचारूच नकोस, त्यांच्या जुन्या ट्रंकेतला कोट किंवा चष्म्याची डबी तिच्या हातात दे आणि शेजारी भाजी निवडत बस. ती आपण होऊन बोलेल. मोबाइल ध्वनिमुद्रणाला लावायचा असेल तर आधी सांगून लाव, पण समोर धरू नकोस, माणसे भाषण करू लागतात.

या बैठकांत आपले घराणे मल्हाररावांबरोबर माळव्यात आले, ही कथा निघणारच. इंदुरातल्या प्रत्येक मराठी घराला तसेच वाटते, आणि त्यातल्या निम्म्यांचे तरी खरे नसावे. अण्णा स्वतः यावर हसत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे आजोबा खानदेशातून कारकुनीच्या नोकरीसाठी आले होते, आणि होळकरांच्या तलवारीपेक्षा त्या कारकुनाच्या लेखणीचाच त्यांना जास्त अभिमान होता. तेव्हा कथा आवडीने ऐक, पण वहीत लिहिताना कोणी सांगितले ते नावासकट लिही, आणि त्र्यंबकेश्वरी किंवा नाशकाला कधी गेलीस तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे तुमच्या घराण्याची नोंद आहे का ते विचार. पिढ्यान् पिढ्यांची नावे त्यांच्या वह्यांतून मिळतात.

एक सावधगिरी मात्र आत्ताच घे, कारण तीत मी स्वतः फसलो आहे. अण्णा गेले ते आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य पंचमीला. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगांचा पौर्णिमेला, त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात आणि वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे असतो. तीच तिथी इथला पंडित मार्गशीर्ष कृष्ण पंचमी म्हणून सांगेल, आणि ते चूक नाही. माझ्या वडिलांची तिथी मी इथल्या पंचांगातून ‘कार्तिक कृष्ण नवमी’ अशी उतरवून ठेवली आणि वर्षाने मराठी कॅलेंडरात कार्तिक वद्य नवमी शोधली. वर्षश्राद्ध पुरे एक महिना उशिरा झाले. बहीण योग्य दिवशी आपल्या घरी पान वाढून माझ्या फोनची वाट पाहत बसली होती. पितृपक्षाचाही हाच घोळ, आपला भाद्रपद वद्य तो त्यांचा आश्विन कृष्ण. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तिथी दोन्ही नावांनी लिही आणि इंग्रजी तारीखही लिही. भरणी श्राद्ध काही घरांत पहिल्याच पितृपक्षात करतात, काही घरांत वर्ष झाल्यावर. तुमच्याकडची रीत आत्या घरात असतानाच विचारून घे, म्हणजे पुढे फोनवर वाद नकोत.

अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे मिलांचे फिरते देखावे, पाहायला जायचे की नाही, असेही तू विचारले आहेस. जा. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, इतरही मिलांचे भोंगे थांबले, तरी कामगारांच्या झांक्या दर वर्षी निघतात आणि रात्रभर जेल रोड, नंदलालपुरा, खजुरी बाजार करत राजवाड्याकडे येतात. अण्णा तुला खांद्यावर घेऊन खजुरी बाजारात एका पुस्तकांच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहत, आणि आपल्या मिलची झांकी आली की टोपी काढत. ती पायरी अजून आहे. आत्याला रात्रीचे जागरण सोसणार नसेल तर काकांना घेऊन ये, त्यांच्याही लहानपणची जागा तीच.

मी साडेनऊपासून तिथे उभा असेन. भुट्टे आदल्या दिवशी आणू नकोस, त्याच सकाळी मंडईतून आण, माणशी एक आणि वर दोन, आणि प्रत्येकाचा दाणा नखाने टोचून पाहा. पाणी आले तर ठेवून दे, दूध आले तर घे. माझ्यासाठी डब्यात थोडा कीस आणलास तर लिंबू वेगळे आण.

तुझा,
रामबागेतला काका