पगारातून कापतात ती देणगी की वर्गणी?

वेर्ण्याच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाने विचारलंय: "दर महिन्याला पगारातून शंभर रुपये कापून मदतनिधीत जातात. परिपत्रकात त्याला 'ऐच्छिक देणगी' म्हटलंय, आम्ही 'वर्गणी' म्हणतो, आणि एचआरमधल्या कुणी 'वेतनदान' सुचवलंय. बरोबर काय?"

'वेतनदान' आधी निकालात काढू. रक्तदान, नेत्रदान, श्रमदान कानाला खटकत नाहीत, त्यांत पैसा नसतो. वेतनदान म्हटलं की मालकानेच आपल्याला पगार दान केल्यासारखा वाटतो.

उरलेल्या दोघांचा निवाडा क्रियापदांवर सोपवा. देणगी देतात, मिळते, कधी उकळतातही. वर्गणी मात्र काढतात, भरतात आणि ती थकते. 'देणगी थकली' असं कुणी म्हणत नाही. थकायला रक्कम आधी ठरलेली हवी, आणि रक्कम ठरवायची तर माणसं ठरलेली हवीत. म्हणून ग्रंथालयाची वर्गणी, मासिकाची वर्गणी. 'एक हितचिंतक' देणगी देऊ शकतो. वर्गणीच्या यादीत नाव लागतंच.

आपल्या गोव्यात तर हा भेद देवळात बघून घ्यावा. आमच्या फोंड्याकडे एकाच टेबलावर दोन पावतीपुस्तकं असतात. देवस्थानचे महाजन म्हणजे ठरलेली घराणी. त्यांचे हक्क १९३३ सालच्या पोर्तुगीज रेगुलामेंताने, म्हणजे देवस्थानांच्या नियमावलीनेही बांधून दिले. महाजन वर्गणी भरतो. देवळासमोर वर्षानुवर्षं अबोलीच्या वळेसऱ्या विकणारी बाई पैसे घेऊन आली, तर तिची पावती देणगीच्या पुस्तकातून फाडतात. गांवकरीचे, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे, वांगडही (घराण्यांचे गट) असेच, जन्माने मिळणारे.

(सीएसआर, म्हणजे कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा खर्च, यात मिसळू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के खर्चावे लागतात, ते तिच्या खिशातून. त्याला मी खुशाल 'पट्टी' म्हणेन, घरपट्टीसारखीच बसते.)

तेव्हा तुमचे शंभर रुपये अनोळखी संस्थेला एकदाच गेले, तर देणगी. दर महिन्याला, ठरलेल्या रकमेने, आपल्यातल्याच कुणाच्या अडीनडीला जात असतील, तर परिपत्रक काहीही म्हणो, ती वर्गणी. आता 'आपल्यातला' कोण, हे घराणं सांगत नाही, पगाराची यादी सांगते. इथे मात्र शब्द थोडा अडतो.

आमच्याच ऑफिसातली गोष्ट. डायलिसिसवर असलेल्या एका ऑपरेटरसाठी सहा महिने पैसे जमवायचं ठरलं. हिशेबनिसाने कागदावर दोन रकाने आखले: पगारातून कापलेली ती 'वर्गणी', रोख आलेली ती 'देणगी'. गेटवरचा रखवालदार कारवारचा, कंत्राटदाराचा माणूस. त्याचा पगार आमच्याकडून निघतच नाही, तर कापणार कुठून? त्याने पन्नासची नोट दिली, ती देणगीत पडली. मी कुरकुरलो. अकरा वर्षं हा माणूस आमचे टिफिन ओळखतो! हिशेबनीस म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रखवालदार पुन्हा टेबलापाशी उभा. पन्नासची घडी पुढे करत म्हणाला, "ह्या म्हयन्याचे."

हिशेबनिसाने पेन उचललं, थोडा थांबला, आणि नाव पहिल्या रकान्यात लिहिलं.