जुनी सीसीएनए परत काढू का?

प्रश्न : २०१६ ला सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) पास झालो, त्याच जोरावर पहिली नोकरी लागली. २०१९ ला ती एक्सपायर झाली आणि कामाच्या रगाड्यात रिन्यू करायची राहूनच गेली. आता जॉब बदलायचाय, जाहिरातीत परत सीसीएनए मागतात पण इंटरव्ह्यूत कोणी त्याबद्दल विचारत पण नाही. पुन्हा परीक्षा देऊ का?

उत्तर : नका देऊ. म्हणजे परीक्षा द्याच, पण सीसीएनएची नको. फ्रेशरच्या रेझ्युमेवर दुसरं काही नसतं म्हणून कंपनी सर्टिफिकेट बघते, तुमच्याकडे आता इतक्या वर्षांचं काम आहे आणि समोरच्याला तेच ऐकायचं असतं. मी स्वतः इंटरव्ह्यू घेते, डम्प (परीक्षेतले बाहेर फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून पास झालेले इतके बघितलेत की नुसत्या कागदावर विश्वास बसत नाही, ओएसपीएफची (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) नेबरशिप, म्हणजे दोन राउटरची जोडणी, का होत नाहीये एवढं विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

मग जाहिरातीत का मागतात? एक तर एचआरला शेकडो अर्ज चाळायचे असतात. दुसरं, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, सिस्कोची पार्टनर असलेल्या कंपनीला तो दर्जा टिकवायला सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, तिथे तुमच्या सर्टिफिकेटला खरंच वजन असतं.

फेब्रुवारी २०२० पासून सीसीएनपीला, म्हणजे सिस्कोच्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटला, सीसीएनएची अट राहिलेली नाही, त्यामुळे थेट एन्कोर हा त्याचा मुख्य पेपर द्या, त्यात १५ टक्के भाग ऑटोमेशनचा आहे जो तुमच्या वेळी जवळपास नव्हताच, आणि आज सिनियर माणसाकडून तीच अपेक्षा असते. मग एनार्सीसारखा (राउटिंगचा) आणखी एक पेपर दिलात की सीसीएनपी झाली, पुढे तीन वर्षांनी परीक्षा नको असेल तर ८० कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट्सवरही रिन्यू होते. एकाच व्हेंडरला चिकटून मात्र राहू नका. नव्वदच्या दशकात नोव्हेल कंपनीचं सीएनई सर्टिफिकेट असलं की मान होता, मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी आलं, नोव्हेलची नेटवेअर ही नेटवर्क सिस्टिम मागे पडली आणि सीएनई विचारणारं कोणी उरलं नाही. ज्यांचा पाया पक्का होता ते दुसरीकडे रुळले.

आणि रेझ्युमेवर जुनी सीसीएनए ठेवायची तर '२०१६ ते २०१९' असं स्पष्ट लिहा, कंपन्या व्हेरिफाय करतात, तिथे खोटं सापडलं तर बाकी सगळं खरं असून पण बाद होता.