लंडनमध्ये बोटीवर राहायचं म्हणताय? आधी जागेचं बघा

ताई, तुमचा बेत वाचला. मिस्टरांना लंडनमध्ये नोकरी आणि स्किल्ड वर्कर व्हिसा मिळालाय, बरोबर सात वर्षांची मुलगी आहे. फ्लॅटची भाडी ऐकून तुम्ही दोघांनी ठरवलंय की नाशिकचा प्लॉट विकून कालव्यावरची नॅरोबोट, म्हणजे लांबट अरुंद घरबोट, घ्यायची आणि एखाद्या मरीनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या तळावर, राहायचं. मी अशाच बोटीवर बरीच वर्षं राहतोय, म्हणून स्पष्टच लिहितो. बोट काय, पैसे मोजले की मिळते. खरी मारामार आहे ती बांधायच्या जागेची.

बोट बांधायच्या जागेला इथे मूरिंग म्हणतात. मरीनातल्या बहुतेक जागा 'लेझर मूरिंग', म्हणजे फक्त हौसेने येणाऱ्यांसाठी, असतात. बोट बारा महिने ठेवा, शनिवार-रविवार येऊन राहा, पण तेच तुमचं एकमेव घर असलेलं चालत नाही. कायम राहायला 'रेसिडेन्शियल मूरिंग' लागतं, आणि त्यासाठी त्या जागेला कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, प्लॅनिंग परवानगी असावी लागते. ती सहजासहजी मिळत नाही, म्हणून अशा जागा मोजक्या, दर चढे, आणि वर बहुधा कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी. लेझर मूरिंगचा करार करताना मरीनाच्या ऑफिसात गोड हसून तुमच्या 'घरच्या' पत्त्यावरचं कौन्सिल टॅक्सचं बिल मागतात, ते यासाठीच.

बरेच जण मित्राचा पत्ता देतात आणि गुपचूप राहतात, हेही खरं. मरीनावाले काणाडोळा करतात, आणि मग एक दिवस कुणाच्या तरी तक्रारीवरून नोटीस हातात पडते. घराच्या भाडेकरूला कायद्याचा जो आधार असतो, तो बोटवाल्याला नाही. करारात असेल तेवढ्या मुदतीत गाशा गुंडाळायचा. इथल्या नागरिकाला हे एक वेळ परवडेल. मिस्टरांचा राहता पत्ता मात्र कंपनीला स्पॉन्सर म्हणून नोंदवून ठेवावा लागतो, आणि तुमच्या ईव्हिसाच्या (ऑनलाइन व्हिसाच्या) खात्यातही तो खरा असावा लागतो. त्यामुळे मित्राच्या पत्त्याचा उद्योग तुम्ही करूच नका.

आणि 'रेसिडेन्शियल मूरिंगसह विकणे आहे' अशा जाहिरातीला भुलू नका. बोट तुमच्या नावावर झाली म्हणून जागाही तुमच्याकडे येते असं नाही. मरीनाकडून लेखी घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मूरिंग नको असेल तर दुसरी वाट 'कंटिन्युअस क्रूझिंग'ची. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार मूरिंग नसलेल्या बोटीलाही लायसन्स मिळतं, पण अट अशी की ती खरोखर प्रवासात असली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये. आजारपण, इंजिन बिघाड, गोठलेलं पाणी असं सबळ कारण असेल तर जास्त मुदत मिळते. शहरातल्या गर्दीच्या काही जागांवर तर ७ दिवसांतच हलावं लागतं. दोन पुलांमध्ये पुढे-मागे करत राहिलात तर तेही चालत नाही. ट्रस्टची माणसं काठाने फिरून बोटींचे नंबर टिपतात, आणि वर्षभरातला तुमचा पल्ला २० मैलांच्या आत राहिला तर लायसन्सच्या नूतनीकरणाला अडचण येते. लायसन्स गेलं की १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याचं कलम ८ लागतं: २८ दिवसांची नोटीस देऊन ट्रस्टला बोट हलवता येते. कुणी त्यात राहत असेल तर ट्रस्ट आधी कोर्टात जातो, पण तिथवर वेळ येऊच देऊ नका. शिवाय एप्रिल २०२४ पासून मूरिंग नसलेल्यांना लायसन्सवर वेगळा अधिभार आहे.

एकट्या-दुकट्याला हे जमतं. मुलगी असली की गणित बिघडतं. सरकारी शाळेत फी नाही, पण चांगल्या शाळांत जागा कमी असल्या की घरापासूनचं अंतर बघतात. दर पंधरवड्याला सरकणाऱ्या घराचं अंतर कुठून मोजायचं? आज लंडनच्या हॅकनीत, महिन्याभराने ली नदीवरून वर पार शहराबाहेर ब्रॉक्सबर्नला, आणि शाळा मात्र हॅकनीतच. डॉक्टरचं त्यामानाने सोपं, जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. बँक मात्र हटून बसते.

आता रोजच्या जगण्याचं. नॅरोबोटीची रुंदी जेमतेम सात फूट, कारण बऱ्याच ठिकाणी लॉकच (बोट वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे) तेवढे. संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, भरली की हातात धरून एल्सन पॉइंटपर्यंत, म्हणजे मैला ओतायच्या ठरलेल्या जागेपर्यंत, न्यायची, ओतायची, विसळायची. पाऊस असो, पाहुणे असोत. पाण्याची टाकी नळावर जाऊन भरायची, गॅसचं १३ किलोचं सिलिंडर स्वतः उचलून आणायचं. जानेवारीत सकाळी उठलं की खिडक्यांच्या आतून पाण्याचे ओघळ, आणि गादी उचलली तर खालची फळी ओली. त्यात आपला स्वयंपाक! कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की छतावरून थेंब पडायला लागतात. थंडी वाजते म्हणून हवेच्या जाळ्या बोळे कोंबून बंद करणारे लोक मी पाहिलेत. ते जिवावर बेततं, कारण शेगडीतला कार्बन मोनॉक्साइड बाहेर जायला वाट उरत नाही. म्हणूनच दर चार वर्षांच्या बोट सेफ्टी तपासणीत त्या जाळ्या बघतात, आणि २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे.

खर्चात बचत होते का? होते, पण तुम्ही धरलीय तेवढी नाही. लायसन्स, विमा, डिझेल, कोळसा, दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून तळाला गंज टाळणारा काळा थर द्यायचा खर्च, हे सगळं धरा. घराचं कर्ज बोटीला मिळत नाही, बोटीचं वेगळं असतं आणि महाग पडतं. जुनी बोट घेताना पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. विकणाऱ्याने दाखवलेला जुना रिपोर्ट धरू नका.

मला विचाराल तर प्लॉट इतक्यात विकू नका. पहिलं वर्ष भाड्याच्या घरात काढा, मुलीची शाळा लागू द्या, आणि नोव्हेंबरात आठवडाभर तिघं मिळून भाड्याच्या बोटीवर राहून बघा. उन्हाळ्यात नको, उन्हाळ्यात सगळ्यांनाच बोट आवडते. आसपासच्या मरीनांत रेसिडेन्शियल मूरिंगच्या यादीत नाव मात्र आत्ताच घालून ठेवा. आणि थेम्सवर राहायचं मनात असेल तर तिथले नियम निराळे आहेत: नदीवर टेडिंग्टनच्या वरच्या बाजूला एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा अंमल आणि खालच्या बाजूला पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा. कालव्याचं लायसन्स तिथे चालत नाही.