ढगळ टी-शर्टच्या आत

“मॅडम, कपडे घ्यायला गेलं की हा दुकानातच तोंड फुगवून बसतोय. दाखवलेलं एकपण घालून बघत नाही. काळं आणि ढगळ, एवढंच पाहिजे म्हणतोय. पाडव्याला घेतलेले दोन शर्ट अजून पिशवीतच आहेत. चारचौघांत ओरडायचं तरी किती?”

बेळगावच्या वडगावहून आलेल्या एका आईची ही तक्रार. मुलगा नववीत, 14 वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत.)

हीच तक्रार बेळगावातून येते, खानापूर-निपाणीकडूनही येते, आणि बहुतेक वेळा ती खरोखर एवढीच असते. आवड मुलाची, निवड आईची, पैसे वडिलांचे, मग दुकानात तमाशा होणारच. पण या आईनं बोलण्याच्या ओघात आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मुलगा चौथीपासून गल्लीच्या झांजपथकात होता आणि यंदा शिवजयंती महिन्यावर आलेली असताना त्यानं पथक सोडलं. आणि त्याच्या गादीखाली क्रेप बँडेज सापडलं. “हात मुरगळला असेल, भिऊन सांगितलं नसेल,” अशी तिची समजूत.

मुलाशी वेगळं बोलणं झालं. “खरेदीला का भांडतोस?” असं विचारलं की या वयाची मुलं “काय नाही, आवडत नाही” याच्या पुढे सरकत नाहीत. म्हणून कागदावर दोन रकाने आखून दिले: घालतो, घालत नाही. कपाटातला एकेक कपडा आठवून लिहायचा, पुढे रंग आणि कापड. ‘घालत नाही’मध्ये नऊ कपडे जमले. रंग निरनिराळे, किमतीही. सारखी गोष्ट एकच होती: सगळे एकतर पातळ, नाहीतर छातीत बेताचे. शेवटचा होता पथकाचा पांढरा कुर्ता. “हे सगळे छातीत लागतात का रे?” एवढंच विचारलं. तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. मग म्हणाला, “घामानं चिकटला की दिसतंय. पोरं चिडवतात.”

वयात येताना अनेक मुलग्यांची छाती थोडी वाढते. निम्म्या किंवा त्याहूनही अधिक मुलांना हे कमी-जास्त प्रमाणात होतं, बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षी. शरीरात पुरुषी आणि स्त्री संप्रेरकांचं प्रमाण काही काळ मागे-पुढे होतं आणि स्तनाग्राखाली रबरासारखी घट्ट चकती तयार होते, कधी एकाच बाजूला. हात लागला तर दुखते. सहा महिने ते दोन वर्षांत ती बहुतेकांची आपोआप विरते. वजन जास्त असलेल्या मुलांत नुसती चरबीही असते. ती बोटांना मऊ लागते, मध्ये गाठ जाणवत नाही. फरक डॉक्टरांनी तपासून सांगायचा, आईनं चाचपून नाही. गाठ झपाट्यानं वाढत असेल, दगडासारखी कडक असेल, स्तनाग्रातून स्राव येत असेल, वृषणात गाठ लागत असेल, वयात येण्याआधीच सुरू झालं असेल किंवा दोन वर्षांनंतरही तसंच असेल, तर थांबू नये. मुलगा जिमला जाऊन कसली पावडर किंवा गोळ्या घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

बँडेजचा उलगडा इथे झाला. आईच्या पायासाठी आणलेलं ते बँडेज तो शाळेला जाताना छातीला आवळून बांधत होता. त्यानं गाठ जात नाही. श्वास पुरता घेता येत नाही, घाम साचून कातडीला खाज आणि बुरशी धरते, आणि झांज वाजवताना तर दमच लागतो. पथक सोडण्यामागे लाज होती तसं हेही होतं.

आईला सांगायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं होतं. त्याची एकच अट: “पप्पांना आईनं सांगावं, माझ्यासमोर नको.” तशीच पाळली गेली. डॉक्टरांनी तपासून औषधाची गरज नाही, सहा महिन्यांनी परत दाखवा, असं सांगितलं. आईचा पहिला उद्गार होता, “एवढंसंच? मग आधी बोलायचं की.” हे वाक्य मुलासमोर न आलेलं बरं. त्याला ते एवढंसं नव्हतं.

राहिला कपड्यांचा प्रश्न, आणि तो टेपनं सुटतो. ढगळ कपड्यानं छाती झाकते, हा मुलांचा गैरसमज आहे. दोन साइज मोठा टी-शर्ट घेतला की खांद्याची शिवण दंडावर उतरते, पातळ कापड छातीच्या टोकावरून सरळ खाली पडतं आणि नको तेच उठून दिसतं. खांदा मापात आणि छातीत सैल, असं हवं. त्यासाठी घरात जो शर्ट त्याला बरा बसतो तो पलंगावर सपाट पसरायचा, बटणं लावायची आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावायचा. आलेल्या आकड्याची दुप्पट म्हणजे शर्टाची छाती. या मुलाच्या अंगाची छाती 34 इंच होती, शर्ट 38 ते 40 भरला. म्हणजे चार ते सहा इंचांची सैल पुरते. दुकानातल्या लेबलवर मात्र बहुधा अंगाचं माप असतं, कपड्याचं नव्हे, आणि सेंटिमीटरमध्येही असतं: 102 म्हणजे 40 इंच. हे न कळता लेबलवरचा 40 घेतला की सैलवर सैल चढते. शिवाय कुठल्या कंपनीचा 38 केवढा निघेल याचा नेम नाही, म्हणून टेप खिशात ठेवावा. दुकानदार हसला तर हसू दे.

कापड जाड घ्यावं. टी-शर्ट 180 ते 200 जीएसएमचा (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असला की तो अंगाला चिकटत नाही; स्वस्तातले 140-150 चे पहिल्या घामालाच चिकटतात. लायक्रा नको, छातीवरून आडवे पट्टे नकोत. बारीक चौकडा, गडद रंग, दोन खिशांचा शर्ट चालतो. आत सँडोऐवजी बाह्यांची सुती बनियन.

पथकासाठी नवा कुर्ता शहापुरातल्या शिंप्याकडे शिवून घ्यायचं ठरलं. 36 इंची पन्ह्याची जाड पांढरी खादी, तीन मीटर. खादी आटते, म्हणून शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवली. मुलानं स्वतः लिहून नेलं होतं: छातीत सहा इंच सैल, शिलाईत एक इंच माया (आत सोडलेलं जादा कापड), खाली दोन इंच दुमड. या वयात मुलगा वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटरही वाढतो. माया-दुमड नसेल तर पुढच्या वर्षी कुर्ता धाकट्याला जातो. माप घेताना “हात वर कर बघू, एवढा लाजतोस काय” असं शिंपी सगळ्यांदेखत बोलतात. म्हणून दुपारी, गिऱ्हाईक नसताना जायचं. हे आईनं आधीच बोलून ठेवलं.

ज्यांच्या घरी प्रश्न फक्त आवडीचा आहे, त्यांनाही हीच तयारी उपयोगी पडते. कपाट आधी बघा, हवे ते तीन-चार कपडे लिहा, रक्कम ठरवून मुलाच्या हातात द्या, उरली तर त्याची. शनिवारी संध्याकाळी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी सकाळी अकराला जा. ट्रायल रूमच्या पडद्यापाशी उभं राहून “पोट दिसतंय बघ” म्हणू नका. बोलायचंच तर कपड्याबद्दल बोला: “खांदा उतरतोय”, “बाही आखूड आहे”. मुलींच्या बाबतीत पहिली ब्रेसियर घेताना हे दुप्पट लागू आहे. छातीखालचा घेर आणि छातीचा घेर घरीच मोजून चिठ्ठी करा, दुकानात ती चिठ्ठी द्या. काउंटरवर मोठ्यानं साइज विचारणं-सांगणं टळतं. आणि बदलून मिळेल का, किती दिवसांत, हे पैसे देण्याआधी विचारा; पाडव्याचे ते दोन शर्ट पिशवीतच राहून मुदतीबाहेर गेले होते.

शिवजयंतीच्या रात्रभर चालणाऱ्या चित्ररथ मिरवणुकीला मुलगा पथकात होता, खादीच्या कुर्त्यावर भगवं जाकीट घालून. जाकीट पथकाच्या गणवेशात नव्हतं. आई विचारायला निघाली होती. त्यानं तिला थांबवलं आणि पथकप्रमुख दादांना स्वतःच विचारलं. त्यांनी कारण विचारलं नाही. दोन आठवड्यांनी मुलगा भेटायला आला तो वेगळी तक्रार घेऊन: खादी रात्रभर टोचते.